पावसाचा मुक्काम

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, भनपुरी हा कारखान्यांचा भाग आहे. पलीकडे उरला आणि सिलतरा, आकाशात धुराडी, जमिनीवर लोखंडाचा कारभार. या भागात वर्षाला सरासरी १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यापेक्षा तो कितीतरी जास्त आहे. तरीही मे महिन्यात इथला पारा ४२ अंशांच्या आसपास असतो, आणि रायपूर शहराची तहान भागवायला धमतरीजवळच्या गंगरेल धरणाचे पाणी कालव्याने खारून नदीत आणावे लागते. याचे एक कारण साध्या हिशेबात आहे. पाऊस जेमतेम चार महिन्यांत येऊन जातो, ऊन मात्र बारमाही असते, आणि उघड्या पाण्यावरून वर्षभरात उडून जाऊ शकणारे पाणी पडणाऱ्या पावसाहून अधिक भरते. अशा मुलखाचे हवामान पाऊस किती पडला यावर जितके ठरते, तितकेच तो किती दिवस थांबला यावरही ठरते. रायपूर परिसराचा गेल्या सहाशे वर्षांचा इतिहास हा मुक्काम लांबवण्याचा आणि नंतर तो तोडण्याचा इतिहास म्हणून वाचता येतो.

पृथ्वीवरच्या पाण्याचा विचारही मुक्कामाच्या भाषेत केला की उलगडतो. सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे, आणि तिथे एखादा थेंब हजारो वर्षे राहू शकतो. हवेतली सगळी वाफ एकदम खाली उतरली तर पृथ्वीवर फक्त २५ मिलिमीटरचा थर बसेल, आणि ही वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन परत येते. पण तेवढ्या अवधीत ती प्रचंड उष्णता वाहून नेते, कारण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. समुद्र ती शोषतो आणि ढग ती दुसऱ्या मुलखात मोकळी करतात. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशावरून छत्तीसगडच्या मैदानात येतात, तेव्हा हाच व्यवहार इथे पुरा होतो. त्यानंतरचा प्रश्न स्थानिक असतो. ओल जमिनीत राहिली तर ऊन ती उडवण्यात खर्च होते. जमीन कोरडी असेल तर तेच ऊन माती, दगड, पत्रे आणि हवा तापवते.

इथली जमीन पाणी सहजासहजी ठेवत नाही. खाली चुनखडीचे आणि शेलचे थर, वर ठिकठिकाणी मुरमाड भाठा माती, सखल भागात चिकण कन्हार माती. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि अडवले नाही तर पावसाचे पाणी काही दिवसांत पुन्हा उपसागराची वाट धरते. म्हणून इथल्या राजांनी, महंतांनी, व्यापाऱ्यांनी आणि गावांनी तळी खोदली. कलचुरी राजा ब्रह्मदेवाचा रायपूरचा शिलालेख पंधराव्या शतकाच्या आरंभीचा आहे; ती सहाशे वर्षे इथूनच मोजता येतात. पंधराव्या शतकातल्या किल्ल्याबरोबरच खोदला गेलेला बूढा तालाब एकेकाळी जवळजवळ एक चौरस मैल पसरला होता, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरांत आहे. संपूर्ण दगडी बांधणीचा कंकाली तालाब सतराव्या शतकाच्या अखेरीस कृपालगिर महंतांनी बांधवला. रतनपूरसह अनेक जुन्या गावांत ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे १२६ तळी असल्याचे लोक सांगतात. हा आकडा श्रद्धेचा आहे, मोजणीचा नाही, पण तळ्यांची संख्या हेच गावाच्या वैभवाचे माप होते हे त्यातून कळते. नव्या तळ्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवून त्याचे लग्न लावायचे आणि मगच पाणी वापरायला घ्यायचे, ही इथली जुनी चाल. सगळा गाव साक्षीला असल्यामुळे तळे कुणा एकाचे राहत नसे.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांच्या स्वारीने रतनपूर भोसल्यांच्या छायेत आले, आणि पुढे बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत तिथूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. रायपुरातला महाराजबंध तालाब मराठा अमलातल्या महसूल मक्तेदाराने बांधला आणि त्याच्याजवळचे रामचंद्राचे मंदिर बिंबाजींनी १७७५ च्या सुमारास उभारले, असे गॅझेटियर सांगतात. पुढे इंग्रजी अमलात रायपूर आणि भंडारा एकाच मध्य प्रांतात, एकाच मालगुजारी पद्धतीखाली, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांच्या व्यवस्थेत होते. भंडारा-चांद्याकडच्या तळ्यांवर धानाचे सिंचन होई, तर छत्तीसगडची तळी मुख्यतः निस्ताराची, म्हणजे पिणे, आंघोळ, गुरे आणि धुण्याची होती. दोन्हीकडे गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे आणि येवा, म्हणजे पाणी येण्याची वाट, मोकळा ठेवणे ही कामे गावच्या रिवाजाने बांधलेली होती.

तो रिवाज तीन टप्प्यांत सुटला. १८९० च्या दशकाच्या आरंभी नांदगावच्या राजा बलरामदासांच्या देणगीतून खारूनचे पाणी नळाने रायपुरात आले आणि शहरातल्या तळ्यांचे रोजचे राखणदार कमी झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सरकारने कालव्यांकडे मोर्चा वळवला. रुद्रीचा बंधारा, तांदुला आणि मुरुमसिल्ली ही धरणे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातली. १९५१ मध्ये कायद्याने मालगुजारी संपली, ती संपायलाच हवी होती. पण तळ्यांची मालकी सरकारकडे गेली आणि देखभालीची जबाबदारी कोणाकडेच गेली नाही. भंडारा-गोंदियाचे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच कायद्याचे वारस आहेत. १९५९ मध्ये भिलाईचा पोलाद कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दशकांत रायपूरभोवती उद्योग वाढले. शहरातला राजबंधा तालाब बुजून मैदान झाला. भनपुरीसारख्या भागात पत्र्याची छपरे, सिमेंटचे आवार आणि डांबर यांनी पावसाला जमिनीत शिरायची वाटच बंद केली.

यावर पहिला आक्षेप असा की काही तळ्यांनी हवामान बदलत नाही. पाऊस आणण्याच्या बाबतीत हे खरेच आहे, तो उपसागरच आणतो. पण पावसाळ्याच्या उत्तरार्धात भिजलेल्या जमिनीवरून उठलेली वाफही पावसात भर घालते, आणि पावसानंतर जमीन किती लवकर तापते हे तर तिथल्या ओलीवरच ठरते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पाण्यावरची दमट हवा उकाडा वाढवते, आणि तळे रात्री भोवतालपेक्षा उबदार राहते. हेही खरे आहे, म्हणून तळ्याला शहराचे वातानुकूलन यंत्र म्हणणे चूक ठरेल. त्याचा मोठा उपयोग पाझरात आहे. चुनखडीच्या भेगांत उतरलेले पाणी उन्हापासून सुरक्षित राहते, झाडांच्या मुळांना आणि विहिरींना मिळते, आणि झाडांच्या पानांवाटे सावकाश हवेत परतते. तिसरा आक्षेप म्हणजे दुष्काळात तळी आटत होती. १८९९ मध्ये पाऊसच झाला नाही, आणि नसलेले पाणी कोणतीच साठवण धरू शकत नाही. १८९६ मध्ये मात्र पाऊस लवकर उठला आणि धान पोटरीत असताना सुकले. अशा वर्षी पाण्याचा एखाद-दोन महिन्यांचा जादा मुक्काम निर्णायक ठरतो. छत्तीसगडच्या तळ्यांना सिंचनाची फारशी जोड नव्हती, हा तेव्हाचा उणेपणा होता. कालव्यांनी तो भरून काढला, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण कालव्याने पाणी दुरून आणता येते, भनपुरीवर पडलेला पाऊस भनपुरीत ठेवता येत नाही. तिथे आजचा कायदाही तोकडा पडतो. २०१७ चे पाणथळ जागांचे केंद्रीय नियम पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना आपल्या कक्षेबाहेर ठेवतात, म्हणजे माणसाने खोदले हाच तळ्याचा दोष ठरतो. जिथे संरक्षण मिळते तिथेही ते बहुधा पाण्याच्या पृष्ठभागापुरते असते. काठ सुशोभित होतो, आणि ज्या उतारावरून पाणी येत होते तिथे इमारत उभी राहते. म्हणून तळ्याची सरकारी नोंद त्याच्या येव्यासह व्हायला हवी, आणि एकरभर छप्पर घालणाऱ्या कारखान्यावर तेवढ्या छपराचा पाऊस आपल्याच आवारात मुरवण्याची जबाबदारी हवी. मालगुजाराच्या काळी गावावर होती तीच ही जबाबदारी आहे, फक्त आता ती छप्पर मोजून वाटता येते.