फुलांच्या खोलीतील रुग्ण

१९३९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन शहरी, मद्यपी माणसाला रुग्णालयाचे दार सहसा उघडत नसे. मद्यपान हा दुर्गुण, त्याला खाट कशाला, अशी समजूत होती. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांची नोंद करण्याचे काम सिस्टर इग्नेशिया ह्या धर्मभगिनीकडे होते. जन्म आयर्लंडमधला, १८८९ चा. मूळच्या संगीतशिक्षिका, प्रकृती ढासळल्याने ह्या कामावर आलेल्या. १६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. बॉब स्मिथ ह्यांच्या एका मद्यपी रुग्णाला त्यांनी दाखल करून घेतले व नोंदवहीत लिहिले, 'जठराचा तीव्र दाह'. (आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या गुरुजींनी ह्या नोंदीवर तासभर प्रवचन झोडले असते!) दुसऱ्या दिवशी त्याला एकांत हवा म्हणून, जेथे रुग्णांची फुले रचून ठेवीत, त्या लहानशा खोलीत त्याची खाट हलविण्यात आली.

डॉ. स्मिथ स्वतः दारूतून सुटलेले; १९३५ साली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक. रुग्णालयाचा आग्रह त्यांनी उगाच धरला नव्हता. वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, की हात कापतात, घाम फुटतो, पहिल्या एकदोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढे भ्रम होतो. वेळीच औषध न मिळाल्यास माणूस दगावतोही. म्हणून आधी डॉक्टर व परिचारिका, मग उपदेश. मुक्काम साधारण पाच दिवसांचा. भेटीला येत ती दारू सोडलेली माणसे. निरोपाच्या वेळी सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला हाती देत व बजावीत, पुन्हा पिण्यापूर्वी हा मला परत आणून द्यायचा.

१९५० साली डॉ. स्मिथ वारले. १९५२ साली क्लीव्हलँड येथे सिस्टरांनी 'रोझरी हॉल सोलॅरियम' उघडला. त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे रॉबर्ट होलब्रुक स्मिथ ह्या नावाचीच आहेत.

तीच वाट आपल्याकडे पोहोचली ती १९८१ साली, फादर ज्यो परेरा ह्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले तेव्हा. कायदा मात्र सावकाश आला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ह्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारही आजारांत धरले आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई केली.

तरीही आमच्याकडे थकलेल्या आया येतात, 'फादर, कुठेतरी कोंडून ठेवतील अशी जागा सांगा' म्हणतात. त्यांचा राग आम्हांला कळतो. पत्ता देण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारून घेतो, की तेथे रात्री डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो काय.