दुगाडचा विजेता आणि कंपनीचें पत्र

तलवारीनें मिळविलेला मान लेखणीच्या एका फटकाऱ्यानें जातो, याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ आहेत. त्यांतलें एक वसईच्या परिसरांतलें आहे.

इ. स. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला १७८० च्या नोव्हेंबरांत जनरल गॉडर्डनें वेढला. किल्ल्यास घाटावरून कुमक पोंचूं न देण्याचें काम कर्नल हार्टलेकडे होतें. वसईच्या पूर्वेस, वज्रेश्वरीनजीक दुगाड येथें तो ठाण मांडून बसला. त्याच्यासमोर रामचंद्र गणेश कानडे उभे होते. उत्तर हिंदुस्थानच्या मोहिमेंत मुरलेला हा सरदार वसई वांचविण्याच्या निकरानें लढत होता.

१२ डिसेंबरच्या सकाळीं दाट धुकें पडलें होतें. त्याच्या आडोशानें शत्रूच्या बगलेची टेकडी अचानक हस्तगत करावी, असा पंतांचा बेत होता. बरोबर अरब शिपाई आणि नोरोन्हा या पोर्तुगीज अंमलदाराचें कवाइती पायदळ होतें. परंतु हार्टलेनें टेकडीवर आधींच मोर्चे बांधून तोफा चढविल्या होत्या. धुकें एकाएकीं विरलें आणि तोफांच्या माऱ्यांत रामचंद्रपंत पडले. नोरोन्हा जखमी झाला. ज्या वसईसाठीं पंतांचा प्राण गेला, ती आदल्याच दिवशीं इंग्रजांच्या हवालीं झाली होती!

आतां विजेत्याची कथा पाहावी. १७७९ च्या जानेवारींत तळेगांवाहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेची पिछाडी सांभाळून हार्टलेनें तिची लाज राखली होती. वडगांवच्या नामुष्कीनें खचलेल्या मुंबई सरकारनें या कप्तानास एकदम लेफ्टनंट कर्नल केलें. त्यामुळें कित्येक वडील अंमलदार मागें राहिले. कंपनीच्या फौजेंत बढती नोकरीच्या ज्येष्ठतेनें मिळे; तो क्रम मोडलेला लंडनच्या डायरेक्टरांस रुचला नाहीं. त्यांचें पत्र आलें: वरिष्ठांच्या बढत्या होईपर्यंत हार्टलेचा हुद्दा तहकूब. क्रम सांभाळणें गैर नव्हतें. पण त्यापायीं रणांगण सोडून दाद मागण्यासाठीं विलायतेस जाण्याची पाळी दुगाडच्या विजेत्यावर आली. पुढें डायरेक्टरांनींच राजाकडे शिफारस केली. ७५ व्या पलटणींत त्यास लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला आणि १७८८ मध्यें तो हिंदुस्थानांत परतला. १७९९ मध्यें तो येथेंच मरण पावला.

सभासद लिहितो कीं, अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनीं जखमींस जखम पाहून होन दिले. तेथें देणाऱ्याच्या दृष्टीसमोर शिपायाचें अंग होतें. डायरेक्टरांसमोर होती ती केवळ नांवांची यादी.

आणि वसई? १७८२ मधील सालबाईच्या तहानें ती मराठ्यांस परत मिळाली. तोंपर्यंत रामचंद्रपंतांस जाऊन दीड वर्ष उलटलें होतें.