बालवाडीतील ‘वाडी’

‘बालवाडी’ हा शब्द आपण भगिनी रोज उच्चारतो. परंतु त्यातील ‘वाडी’कडे सहसा आपले लक्ष जात नाही. वाडी म्हणजे बाग. लहानग्यांच्या शाळेला बागेचे नाव कसे शोभते, हे इतिहासात पाहिले, तर आपल्या मंडळाच्या आवारातील मातीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू, असे मला वाटते.

जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १८४० साली त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. तरुणपणी त्यांनी वनविद्येची उमेदवारी केली होती. मूल रोपासारखे आतून वाढते, ही त्यांची श्रद्धा. पण ते नाव नुसता अलंकार नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा चिमुकला वाफा असावा आणि सर्वांचे मिळून काही सामाईक वाफे असावेत, अशी त्यांची योजना होती. आपले जपावे आणि सर्वांचेही जपावे, हा नागरिकत्वाचा पहिला धडा मातीतच मिळे. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली. ती १८६० साली उठली. पण ते पाहावयास फ्रोबेल उरले नव्हते.

पुढे १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. झाडे व प्राणी यांची निगा राखताना मूल धीर धरावयास शिकते, असे त्यांनी आवर्जून मांडले. हे विचार आपल्याकडे रुजविले ते भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. महागडी साधने तेथे कोठून आणावयाची? शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, यातून ‘अंगणवाडी’ आली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतील केंद्रांनाही हेच नाव मिळाले. मला यातील मर्म असे दिसते की, रानात वाढणाऱ्या मुलाला झाड दाखवावे लागत नाही. त्याला जे ठाऊक आहे, त्याचा शाळेने मान राखावा लागतो.

आपल्या मुलांची गोष्ट उलट आहे. ‘मूळ, खोड, पान’ ती चित्रावरून घडाघडा म्हणतात, पण मूळ आधी येते की पान, हे त्यांनी पाहिलेले नसते. यासाठी फार काही लागत नाही. वाल आणि हरभरे रात्रभर भिजवून वाफ्यात टोचावेत. वाल आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो. हरभरा त्या मातीतच ठेवून नुसता कोंब वर पाठवितो. दोहोंनाही पाने येईपर्यंतची शिदोरी त्या डाळींतच असते. नवरात्रात घटाचे धान पिवळे का उगवते, हेही मुलांना विचारावे. एक कुंडी उन्हात व एक काळोखात ठेवली, की उजेडावाचून पान हिरवे होत नाही, हे उत्तर ती स्वतःच देतील. मात्र रुजले की नाही हे पाहण्यासाठी मुले बी रोज उकरतील. त्यांना रागावू नये. शेजारी आणखी दोन बिया टोचून ठेवाव्यात, म्हणजे झाले.

आवारात सर्वत्र फरशी बसवावी, अशी सूचना मंडळापुढे आहे. चिखल होतो, कपडे मळतात, ही तक्रार खरीच आहे. तरी विहिरीकडील चार हात जागा मोकळी ठेवावी, एवढी माझी विनंती. सारी माती झाकली गेली, तर बालवाडीत बाल राहतील. वाडी मात्र पाटीवरच उरेल.