ॲटॉमिक फॉरेस्ट
मुंबईतील सायकेडेलिक रॉक वाद्यवृंद. कार्यकाल १९७०चे दशक. कीथ कांगा (बास गिटार), नील चट्टोपाध्याय (गिटार), मधुकर दास (गायन) हे प्रमुख कलाकार. सुरुवातीला ते जिमी हेंड्रिक्स, डीप पर्पल यांची गाणी वाजवत. त्यांचा खरा कस लागला ‘ऑब्सेशन ’७७’ या एकमेव ध्वनिमुद्रिकेत. पॉलिडोर कंपनीची ही तबकडी १९८१ मध्ये, फार उशिरा, बाजारात आली. तीत ‘गॉडफादर’ चित्रपटाची धूनही आहे. ‘फझ’ या ध्वनिपरिणामामुळे खरखरीत, जाड झालेली गिटार आणि फंकचा ठेका हे त्यांचे वैशिष्ट्य. हिंदी चित्रपटसंगीताने व्यापलेल्या बाजारात असा आवाज उमटणे ही मोठीच गोष्ट होती. कॅलिफोर्नियाच्या नाऊ-अगेन कंपनीने २०११ मध्ये त्यांचे संगीत पुन्हा प्रसिद्ध केले. ही दखल मुंबईनेच आधी घ्यायला हवी होती.