गिरणीचा रविवार आणि संगणकाचा शनिवार

साप्ताहिक सुट्टी आपल्याला सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. परंतु मुंबईच्या गिरणीकामगारांना ती लढून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० रोजी. ही मधली सहा वर्षे ध्यानात ठेवून आपण चीनकडे वळू.

तेथील संगणक-उद्योगात ‘नऊ-नऊ-सहा’ हा शब्द रूढ झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. आता हिशेब पाहा. चीनच्या १९९४ च्या कामगार कायद्याने आठवड्याची मर्यादा ४४ तासांची घातली आणि जादा काम महिन्याला ३६ तासांहून अधिक नको, असे सांगितले. जेवणाखाण्याचे रोजचे दोन तास वजा केले, तरी या मनुष्याचे आठवड्याला साठ तास भरतात. म्हणजे चार आठवड्यांत चौसष्ट तास जादा! कायदा नव्हता असे नाही. कायदा होता आणि कचेरीतले दिवेही जळत होते.

असे का व्हावे? गिरणीला निदान भोंगा असे. भोंगा झाला की मनुष्य सुटे. प्रोग्रामरला भोंगा नाही. साहेब बसले आहेत तोवर आपण कसे उठावे, हा संकोच. शेजारचा अजून उठला नाही, ही धास्ती. आणि पस्तिशी उलटल्यावर दुसरीकडे कोण घेईल, ही चिंता. दाराला बाहेरून कडी कोणीच लावीत नव्हते.

मार्च २०१९ मध्ये काही प्रोग्रामरांनी गिटहब या आज्ञावलींच्या सार्वजनिक भांडारात ‘९९६.आयसीयू’ नावाचे पान उघडले. असे काम कराल तर अतिदक्षता विभागात जाल, हा त्यातला कडवट विनोद. थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक लोकांनी त्यावर पसंतीची खूण केली. अशा कंपन्यांची यादी तेथे झाली, आणि एक नवा परवानाही तयार झाला: जी कंपनी कामगार कायदे पाळीत नाही, तिला आमची आज्ञावली वापरता येणार नाही. सह्यांच्या अर्जाहून हे हत्यार निराळे, आणि आम्हांस तरी फार मार्मिक वाटते. चीनमधील काही ब्राउझरांनी ते पान अडविले. एप्रिलमध्ये अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी तर नऊ-नऊ-सहा काम करायला मिळणे हे भाग्यच ठरविले.

ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि कामगार मंत्रालयाने दहा नमुनेदार प्रकरणे प्रसिद्ध करून ही पद्धत बेकायदा असल्याचे सांगितले. जादा कामाचा मोबदला ‘स्वखुशीने’ सोडल्याचे लिहून घेतलेला कागदही त्यांत निरर्थक ठरला. गंमत अशी की नऊ-नऊ-सहाचे पहिले प्रकरण संगणकाचे नव्हे, कुरियर कंपनीचे होते. उमेदवारीतल्या त्या नोकराने जादा काम नाकारले म्हणून त्याला काढून टाकले होते. त्याला भरपाई मिळाली आठ हजार युआन, म्हणजे त्याचा एका महिन्याचा पगार.