फसलेल्या अपडेटचे दोषनिदान : संगणकाच्या साक्षीचा ऐतिहासिक विचार

घरगुती संगणकावरील अपडेट फसले असता त्याचे कारण शोधण्यासाठी वापरकर्त्याजवळ प्रथम एकच साधन असते, ते म्हणजे पडद्यावर दिसणारा संदेश. त्यालाच प्रमाण मानून पुढील सर्व दुरुस्ती केली जाते. वस्तुतः कोणत्याही साक्षीप्रमाणे ही साक्षही तपासून घ्यावी लागते. ती का तपासावी लागते, हे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीच्या इतिहासातील तीन घटनांवरून स्पष्ट होते.

तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९९८ साली विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' ही सोय आली. त्या वेळी अपडेट शोधणे, निवडणे व बसविणे हे वापरकर्त्याच्या इच्छेवर अवलंबून होते. २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत अपडेट आपोआप मिळण्याची व्यवस्था झाली. आणि यंत्राला पूर्वस्थितीवर नेणारी 'सिस्टिम रिस्टोर' ही सोयही त्याच आवृत्तीत आली. बदलाचा आणि माघारीचा मार्ग एकाच वेळी खुला झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षाविषयक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होऊ लागले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर घरगुती आवृत्तीच्या वापरकर्त्याला नकार देण्याचा अधिकार जवळजवळ उरला नाही. काही दिवस थांबण्याची मुभा त्याला २०१९ मध्ये मिळाली. निर्णय अशा रीतीने घरातून बाहेर गेला, परंतु बिघाड निस्तरण्याचा भार मात्र घरातच राहिला.

अपडेट टाळणे हाही उपाय नव्हे. 'वॉनाक्राय' या उपद्रवी प्रोग्रामने १२ मे २०१७ पासून जगभर धुमाकूळ घातला. त्याने ज्या दोषाचा लाभ घेतला, त्यावरील दुरुस्ती तत्कालीन प्रचलित आवृत्त्यांसाठी १४ मार्च रोजीच प्रसिद्ध झालेली होती. तेव्हा प्रश्न अपडेट घ्यावे की न घ्यावे असा नसून, फसलेल्या अपडेटचे कारण कसे ओळखावे असा आहे.

पहिली घटना २०१० सालची. ९ फेब्रुवारीस प्रसृत झालेले एक सुरक्षा-अपडेट बसविल्यानंतर अनेक संगणक, विशेषतः विंडोज एक्सपी असलेले, सुरूच होईनात. निळ्या पडद्यावर येऊन ते थबकत. दोष अपडेटचा, असे सर्वांनाच वाटले, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचे आपोआप होणारे वितरण थांबविले. तपासाअंती निराळेच सत्य उघडकीस आले. त्या संगणकांत 'अल्युरॉन' नावाचा प्रच्छन्न प्रोग्राम आधीपासूनच दडून बसलेला होता. प्रणालीच्या गाभ्यातील विशिष्ट पत्ते त्याने ठरीव म्हणून गृहीत धरले होते. अपडेटने ते पत्ते बदलताच त्याचा आधार सुटला व यंत्र कोसळले. अर्थात अपडेट हे रोगाचे कारण नव्हते. त्याने दडलेला रोग प्रकट केला एवढेच. २ मार्च रोजी हे अपडेट पुन्हा प्रसृत झाले, तेव्हा यंत्राची स्थिती अनुकूल आहे की नाही हे आधी पाहण्याची योजना त्यात केलेली होती.

दुसरी घटना २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटची. येथे संदेश अपयशाचा नव्हताच. अपडेट सुखरूप पार पडले असे यंत्र सांगत होते, आणि काहींच्या फायली मात्र नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी आपले 'डॉक्युमेंट्स'सारखे फोल्डर दुसऱ्या जागी हलविले होते, पण काही फायली जुन्या जागी तशाच राहू दिल्या होत्या, त्यांना ही झळ पोहोचली. रिकामी जुनी फोल्डरे काढून टाकण्यासाठी लिहिलेल्या सूचनांनी भरलेलीही काढून टाकली. चाचणीत भाग घेणाऱ्या काहींनी याची वार्ता पूर्वीच दिली होती, परंतु तक्रारींच्या गर्दीत ती ऐकली गेली नाही. चार दिवसांत वितरण थांबले व १३ नोव्हेंबरला सुधारलेले अपडेट निघाले. बाधितांना संगणकाचा वापर शक्य तितका कमी करण्यास सांगण्यात आले. कारण पुसलेल्या फायलीच्या जागी नवे काही लिहिले गेले की ती परत मिळण्याची आशा मावळते.

तिसरी घटना ९ जानेवारी २०२४ ची, आणि भाषेच्या अभ्यासकाला ती विशेष बोधप्रद वाटेल. विंडोज १० चे एक सुरक्षा-अपडेट अनेक घरगुती संगणकांवर '०एक्स८००७०६४३' हा संकेतांक दाखवून फसू लागले. या संकेतांकाला स्वतःचे व्याकरण आहे. आरंभीचा ८ अपयश सुचवितो, त्यापुढील ७ दोषाचे कुल सांगतो आणि अखेरचे अंक कारण दर्शवितात. षोडशमान पद्धतीतील ६४३ म्हणजे दशमान १६०३. त्याचा अर्थ 'बसविताना गंभीर चूक झाली' एवढाच. खरे कारण मात्र निराळे होते : डिस्कवरील पुनःप्राप्तीसाठी राखलेला विभाग अपुरा पडत होता; तेथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. जागा अपुरी असल्याचा संकेत प्रणालीत उपलब्ध होता; परंतु संकेत निवडणाऱ्या भागातच चूक असल्याने भलताच उच्चारला गेला, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले. परिणामी, जागा वाढविणे हा उपाय असताना संदेशावर विसंबणारा वापरकर्ता तेच अपडेट पुनःपुन्हा बसवीत राहिला.

या तीन घटनांत साक्ष तीन प्रकारे चुकली. पहिलीत दोष भलत्याच्या माथी आला, दुसरीत हानी झाली असता यशाची ग्वाही मिळाली, तिसरीत कारणाला चुकीचे नाव मिळाले. यावरून दोषनिदानाचा क्रम निश्चित करता येतो. अपडेटपूर्वी आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. अपडेट फसल्यास संकेतांक टिपून ठेवावा, पण त्यालाच निष्कर्ष समजू नये. डिस्कवरील जागा, प्रणालीच्या फायलींची शाबूत अवस्था आणि दडलेले उपद्रवी प्रोग्राम ही तिन्ही स्वतंत्रपणे तपासावीत. यंत्राने ठेवलेली कामाची नोंद संदेशाशी ताडून पाहावी. तोच दोष इतरत्रही आढळत असेल, तर घरच्या यंत्राची मोडतोड करण्याऐवजी सुधारित अपडेटची वाट पाहणे श्रेयस्कर. मात्र घरोघरी होणारा हा तपास हे कर्त्याच्या अपुऱ्या कामाचे ओझे आहे, हेही विसरता कामा नये. ज्याने वापरकर्त्याचा नकाराचा अधिकार घेतला, त्याने निदान अपयशाचे कारण तरी त्याला समजेल अशा शब्दांत आणि खरे सांगितले पाहिजे.