शिफारस आणि अभिजातता : कॉमिक्सच्या इतिहासाचा एक धागा

साहित्यकृतीला अभिजातता प्राप्त होते ती कोणत्या प्रक्रियेने, हा समीक्षेतला जुनाच प्रश्न आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून ‘अभिजात’ हा शब्द शासकीय परिपत्रकांतही रुळला आहे. परंतु कृतीची अभिजातता आदेशाने ठरत नाही. अभ्यासक्रम, वाङ्मयेतिहास, समीक्षाग्रंथ, पुनर्मुद्रणे या संस्थात्मक यंत्रणांतून ती हळूहळू सिद्ध होत जाते, असे आपण सामान्यतः मानतो. या गृहीतकाला छेद देणारे एक क्षेत्र म्हणजे कॉमिक्स. या वाङ्मयप्रकाराला शतकाहून अधिक काळ ना अभ्यासक्रमात स्थान होते, ना ग्रंथालयात. तरीही आज जगभर ‘वाचायलाच हवीत’ अशा कॉमिक्सची एक बऱ्यापैकी स्थिर परंपरा सांगितली जाते. ही परंपरा घडवली कोणी? उत्तर साधे आहे : एका वाचकाने दुसऱ्या वाचकाच्या हाती पुस्तक ठेवले, ‘हे वाच’ म्हटले, आणि का वाचायचे तेही सांगितले. आपल्या विद्यापीठीय व्यवहारात ‘शिफारस’ हा शब्द फारसा निर्मळ राहिलेला नाही, याची कल्पना आहे. तरीही प्रस्तुत लेखात तो मुद्दामच वापरला आहे, कारण शिफारस ही मूल्यनिर्णयाची पहिली कृती असते आणि कॉमिक्सच्या बाबतीत ती दीर्घकाळ एकमेव कृती होती.

या इतिहासाचा आरंभच एका शिफारशीने होतो. जिनीव्हातील शिक्षक रोडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) आपल्या विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी वहीत चित्रांच्या ओळी काढी आणि प्रत्येक चित्राखाली दोन-चार वाक्ये लिही. त्या छापाव्यात असे त्याला वाटत नव्हते. शिक्षकी प्रतिष्ठेला बाधा येईल ही भीती होतीच. १८३०–३१च्या हिवाळ्यात या वह्या फ्रेडरिक सोरे याच्यामार्फत वायमारला वृद्ध गटेपर्यंत पोहोचल्या. गटेने त्या एका बैठकीत वाचल्या नाहीत. कल्पनांचे अजीर्ण होईल म्हणून थोडी पाने पाहून तो थांबे, अशी नोंद आहे. त्याने तोंडभरून कौतुक केले, परंतु या माणसाने इतका उथळ विषय घेतला नसता तर काय केले असते, अशी पुस्तीही जोडली. या प्रोत्साहनानंतरच टॉप्फरने आपल्या चित्रकथा छापायला काढल्या. गटेच्या प्रतिसादात कॉमिक्सविषयीच्या पुढील दोनशे वर्षांच्या टीकेचे बीज आहे असे म्हणता येईल : रूपाचे कौतुक आणि विषयाबद्दल संकोच. टॉप्फर मात्र संकोचात अडकला नाही. १८४५च्या आपल्या निबंधात त्याने चेहऱ्याच्या मोजक्या रेषांतून स्वभाव कसा निर्माण होतो याची मांडणी केली. कॉमिक्सची पहिली सैद्धांतिक चर्चा, ती बहुधा हीच.

अमेरिकेत वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून हा प्रकार लोकप्रिय झाला आणि लोकप्रियतेमुळेच समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. जॉर्ज हेरिमन याची ‘क्रेझी कॅट’ (१९१३–१९४४) ही चित्रमालिका मात्र लोकप्रियही नव्हती. वृत्तपत्रमालक हर्स्टच्या वैयक्तिक मर्जीवर ती टिकून होती. १९२४ साली गिल्बर्ट सेल्डेस या समीक्षकाने ‘द सेव्हन लाइव्हली आर्ट्स’ या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिला समकालीन अमेरिकन कलेत अग्रस्थान दिले. हेरिमनच्या मृत्यूनंतर, १९४६मध्ये, निवडक ‘क्रेझी कॅट’चे पुस्तक निघाले तेव्हा प्रस्तावना लिहिली ती कवी ई. ई. कमिंग्जने. म्हणजे येथेही शिफारस करणारे अधिकारी व्यक्तीच होते; फक्त त्यांचा अधिकार दुसऱ्या क्षेत्रातला होता. या मालिकेतील मांजर उंदरावर प्रेम करते, उंदीर तिला विटा मारतो आणि ती वीट तिला प्रेमाची खूण वाटते. कमिंग्जने त्यात लोकशाहीचे रूपक पाहिले. पुढे १९७१ साली हेरिमनच्या जन्मदाखल्यात त्याची नोंद ‘कृष्णवर्णी’ अशी असल्याचे उघड झाले. आयुष्यभर तो गोरा म्हणून वावरला होता. त्यानंतर काळ्या मांजरीची आणि विटेची ती कथा पूर्वीसारखी वाचणे शक्यच राहिले नाही. शिफारस कृतीला जिवंत ठेवते. अर्थ मात्र तिच्या ताब्यात राहत नाही.

न वाचण्याची शिफारसही याच इतिहासाचा भाग आहे. १९४० साली स्टर्लिंग नॉर्थ या ग्रंथपरीक्षकाने शिकागोच्या दैनिकात कॉमिक्सना राष्ट्रीय कलंक ठरवले. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ आले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःहून कॉमिक्स-संहिता स्वीकारली. वर्थॅम यांची कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांसाठी खुली झाली. २०१२मध्ये कॅरल टिली यांनी त्यांच्या आधारे दाखवून दिले की, वर्थॅम यांनी मुलांच्या मुलाखतींत फेरफार केले होते, काही ठिकाणी दोन मुलांचे बोलणे एकत्र केले होते. मात्र या वर्थॅम यांचेच १९७३चे पुस्तक वाचकांनी स्वतः काढलेल्या हौशी नियतकालिकांची प्रशंसा करते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्या वाचकांना त्यांनी एकेकाळी बळी मानले, तेच लिहिते झालेले पाहून त्यांना समाधान वाटले असावे.

या हौशी नियतकालिकांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण संस्थात्मक समीक्षेची जागा त्यांनी घेतली. चक्रमुद्रित, मोजक्या प्रतींची, टपालाने फिरणारी ही पत्रे म्हणजे आपल्याकडच्या साठोत्तरी अनियतकालिकांची समकालीन भावंडेच. ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही आज विद्यापीठांत प्रतिष्ठा पावलेली संज्ञा १९६४ साली रिचर्ड काइल या वाचकाने अशाच एका पत्रात प्रथम वापरली. विल आयस्नरच्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’च्या मुखपृष्ठावर ती १९७८मध्ये आली.

वाचकांच्या शिफारशीचे सामर्थ्य एका उदाहरणातून स्पष्ट होते. १९५५ साली ‘इम्पॅक्ट’ या कॉमिक्सच्या पहिल्या अंकात ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची कथा आली. लेखन अल फेल्डस्टाइन यांचे, चित्रे बर्नार्ड क्रिगस्टाइन यांची. संहितेच्या दडपणाखाली हे मासिक पाच अंकांत बंद पडले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेल्या कार्ल राइसमन या माणसाला समोर एक ओळखीचा चेहरा दिसतो आणि छळछावणीच्या आठवणी उसळतात. निवेदन द्वितीय पुरुषी आहे, त्यामुळे वाचक त्याच्या जागी बसतो आणि त्याला बळी समजतो. प्रत्यक्षात तो छावणीचा अधिकारी असतो. हे सारे कथानकाच्या पातळीवर चलाख आहे, इतकेच. खरे नवल रूपबंधात आहे. क्रिगस्टाइनला सहा पाने मिळाली होती. भांडून त्याने आठ केली, आणि तीही अपुरी वाटल्याने ठरलेल्या चौकटी कापून त्यांच्या अनेक अरुंद पट्ट्या केल्या. शेवटच्या पानावर राइसमन रुळांवर कोसळतो तो एकामागून एक निरुंद चौकटींत. धडधडत जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतले चेहरे एकाच चित्रात अनेकदा उमटलेले दिसतात. काळ येथे जणू कात्रीने कापलेला आहे.

ही कथा विस्मृतीत गेली असती. १९७५ साली ‘स्क्वा ट्राँट’ या वाचकांच्या नियतकालिकात जॉन बेन्सन, डेव्हिड कासाकोव्ह आणि आर्ट स्पीगलमन या तिघांनी तिचे चौकटीगणिक विश्लेषण प्रसिद्ध केले. काव्याच्या ओळींचे जितके सूक्ष्म वाचन नवसमीक्षेने केले, तितकेच सूक्ष्म हे वाचन आहे. यातला स्पीगलमन म्हणजेच पुढे ‘माउस’ लिहिणारा. आपल्या आईवडिलांच्या छळछावणीतील अनुभवांची ही कथा १९८०पासून ‘रॉ’ या नियतकालिकात क्रमशः आली, १९८६ आणि १९९१मध्ये दोन खंडांत निघाली आणि १९९२ साली तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ‘माउस’ची शिफारस आता कोणालाही करावी लागत नाही (२०२२मध्ये टेनेसीतील एका शालेय मंडळाने ते अभ्यासक्रमातून काढल्यावर तर खप वाढलाच), परंतु ‘माउस’ वाचणाऱ्याने ती आठ पाने आधी वाचावीत, अशी माझी शिफारस आहे. परंपरा येथे प्रभावाच्या ढोबळ अर्थाने चालत नाही; एका बारकाईच्या वाचनातून दुसरी निर्मिती उभी राहताना दिसते. जपानी ‘बेअरफूट जेन’च्या बाबतीत हीच शिफारस श्रमदानापर्यंत गेली. हिरोशिमातून वाचलेल्या केजी नाकाझावा यांची ही कथा १९७३पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि १९७६ साली तोक्योत स्वयंसेवकांचा गट तिच्या इंग्रजी भाषांतराला लागला.

अर्थात वाचकांच्या शिफारशीला तिचे आंधळेपण आहे. फ्रान्समध्ये १९६२ साली चित्रकथाप्रेमींचे मंडळ स्थापन झाले. त्यात फ्रान्सिस लाकासँ, दिग्दर्शक आलँ रेने, समाजशास्त्रज्ञ एव्हलिन सुलरो यांच्यासारखी मंडळी होती. ‘नववी कला’ ही उपाधी रूढ करण्यात या वर्तुळाचा मोठा वाटा आहे. परंतु या मंडळाने ज्याला ‘सुवर्णयुग’ म्हटले ते होते १९३०च्या दशकात फ्रेंच साप्ताहिकांतून आलेल्या अमेरिकन चित्रमालिकांचे. म्हणजे सभासदांच्या बाळपणाचे. दहाव्या वर्षी जे वाचले ते अभिजात, हा निकष कोणी उघडपणे मांडत नाही. पण कॉमिक्सच्या बहुतेक याद्या त्यावरच उभ्या आहेत. हळवेपणाला मूल्यनिर्णयाचे कपडे चढवले की तो सहसा ओळखू येत नाही.

हा मुद्दा आपल्याकडे आणताना मला स्वतःलाही तपासावे लागते. १९६४ साली मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले. ते मराठीतही निघत असे आणि १९९०मध्ये बंद पडले. माझ्या पिढीने ते बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या हातचे वाचले : भाड्याने, अदलाबदलीने, रद्दीच्या गठ्ठ्यातून. वेताळाचा कोणता अंक मिळवावा याविषयी शाळेच्या आवारात चालणारी चर्चा ही शिफारसच होती आणि ती कठोरही असे. परंतु ती मौखिक राहिली. फ्रान्स-अमेरिकेतल्या वाचकांनी जे लिहून ठेवले ते आपण बोलून विसरलो. परिणाम असा की, या अंकांविषयी आज आठवणी भरपूर आहेत, विश्लेषण नाही. लेखनाचा कितीतरी ऐवज त्यात आहे. मूळ चित्रमालिकेतील ‘बेंगाला’ हे वसाहती अरण्य भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाले. बंगालशी असणारे नामसादृश्य टाळण्यासाठी केलेला एवढासा बदल राष्ट्रवाद आणि भाषांतर यांच्या संबंधांवर बरेच काही सांगतो. १९७६मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ याच मालिकेत आला. चंबळच्या दरोडेखोराचा मुलगा गावाच्या संरक्षणाला उभा राहतो, हे आणीबाणीच्या काळातले कथासूत्र तपासण्यासारखे आहे. हे अंक मी एका ग्रंथालयात मागितले तेव्हा ‘असले साहित्य दाखल करून घेत नाही’ असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याने आपल्या संपूर्ण वाङ्मयेतिहासाचे धोरण एका वाक्यात सांगितले होते.

‘अमर चित्र कथा’चे तसे झाले नाही. १९६७मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे संपादक अनंत पै दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणे ठाऊक असल्याचे आणि रामाची आई ठाऊक नसल्याचे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे सांगत. त्यामुळे तिची शिफारस पालकांनी केली, शिक्षकांनी केली. पण ‘ज्ञान’ म्हणून केली, कॉमिक्स म्हणून नव्हे. चित्रांची चौकट कशी आहे, निवेदन कोणाच्या बाजूने बोलते, हे प्रश्न त्या शिफारशीत उद्भवतच नव्हते. गटेने रूप वाखाणले आणि विषयाविषयी कुरकुर केली. आपण विषय वाखाणला आणि रूपाकडे पाहिलेच नाही. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचा दाखला देऊन कॉमिक्सला देशी वंशावळ जोडण्याची एक पद्धत अलीकडे आहे, तीही मला अपुरी वाटते. वंशावळीने कुलीनता सिद्ध होईल, वाचन होणार नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला सांगतो : ‘अमर चित्र कथे’चा १९७९चा ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक आणि २०११चे ‘भीमायन’. दुसऱ्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, अशी व्याम दांपत्याची अट होती. पाने विभागली जातात ती ‘दिग्ना’ या भिंतीवरच्या नक्षीच्या वळणांनी. दुखावलेल्यांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी असते, मनातल्या विचाराला डोळा. याच्या जोडीला ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४) घ्यावे. नर्मदा खोऱ्यातील विस्थापनाची ही कथा बरीच वर्षे अनुपलब्ध होती. २०२२ साली ती पुन्हा छापली गेली, तोवर ज्यांनी वाचली होती तेच तिच्याविषयी इतरांना सांगत राहिले.

मागील सत्रात ‘भीमायन’वरील चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले की, मसूर स्टेशनावर लहान भीमाला गाडी नाकारणाऱ्यांच्या तोंडी विंचवाची नांगी आहे, पण १९७९च्या अंकात सगळ्यांच्या संवादाचे फुगे सारखेच गोल का आहेत? त्या तासाला आम्ही पुढे सरकलो नाही. दोन्ही पुस्तके उघडी ठेवून फुगेच पाहत राहिलो.